वूपरचा क्वॅगसायर होऊ द्यावा का?

पाणवठा

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण तो सांगायला जरा मागे जावं लागेल.

माझी लेक आठ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीपासून पोकेमॉन स्कार्लेट हा गेम खेळतेय. अगदी सुरुवातीलाच तिला त्यातला एक छोटा पोकेमॉन, तपकिरी वूपर, मिळाला, त्याचं नाव तिने ठेवलं चिखल्या. वूपर विसाव्या लेव्हलला मोठा होतो. चिखल्या आता चोविसाव्यावर आहे. तो चमकायला लागला की ही दोन्ही अंगठ्यांनी बी बटण दाबून धरते आणि त्याचं मोठं होणं थांबवते. पाच वेळा झालं. "आई, तो मोठा झाला की माझा राहणार नाही," म्हणते.

आता माझी बाजू. माझा जगातला सगळ्यात लाडका पोकेमॉन म्हणजे क्वॅगसायर, जुन्या निळ्या वूपरचं मोठं रूप. आमच्याकडे सांगलीला मस्कतच्या काकांनी दादासाठी गेम बॉय कलर आणला होता, सोबत पोकेमॉन गोल्ड. दिवसभर तो दादाकडे, संध्याकाळी माझ्याकडे. त्या गेममध्ये खरं घड्याळ चालतं आणि संध्याकाळी सहा वाजले की रात्र होते. वूपर रूट ३२ च्या गवतात रात्रीच यायचा. म्हणजे माझ्या वाट्याला आलेल्या वेळेतच तो भेटायचा, दादाला कधीच नाही! लोडशेडिंगचे दिवस. गेम बॉय कलरच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे मी मेणबत्ती डावीकडे ठेवून, पडदा तिरका धरून खेळायचे. मेणाचा एक थेंब त्याच्या पाठीवर पडलेला अजून तसाच आहे.

तो वूपर म्हणजे माझा धोंड्या. विसाव्या लेव्हलला त्याचा क्वॅगसायर झाला. वूपरला हातच नसतात, नुसतं डोकं, पाय आणि शेपटी. मोठा झाल्यावर त्याला हात आले ते पाहून मी ओरडले होते. दोन टिंबांएवढे डोळे, एकमेकांपासून लांब, आणि या कानापासून त्या कानापर्यंत तोंड (कान नाहीतच, पण कळलं ना?). पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात, लिहिलं होतं की हा इतका निवांत असतो की पोहताना होड्यांच्या तळाला डोकं आपटलं तरी त्याला काही वाटत नाही. मी तेव्हा प्रत्येक चाचणीआधी पोट दुखणारी मुलगी होते. मला तो फार जवळचा वाटला. अजून वाटतो.

तर प्रश्न असा: लेकीला समजवावं की राहू द्यावं? आणि क्वॅगसायर आवडणारे अजून कुणी आहेत का इथे?

बेडूकराव

आहेत! हात वर.

खेळगडी

मुलीचा खेळ आहे, मुलीला ठरवू द्या. वूपर म्हणून ठेवला तरी गोष्ट पूर्ण करता येते, फक्त शेवटी शेवटी जड जाईल.

एक दुरुस्ती मात्र. स्कार्लेटमधला तपकिरी वूपर पाल्डिया या प्रदेशाचा. त्याचा क्वॅगसायर होत नाही, क्लॉडसायर होतो. निळा, गोल्डमधल्या जोहतो प्रदेशाचा वूपर पाणी आणि जमीन प्रकारातला, हा विष आणि जमीन प्रकारातला. म्हणजे ताईंनी बी सोडायला लावलं तरी धोंड्या काही परत यायचा नाही.

पाणवठा

@खेळगडी, हो, ते माहीत आहे. म्हणूनच शीर्षक लिहिताना माझं मन कुठे होतं ते कळलं असेल. क्लॉडसायरशी माझी अजून ओळख नाही, खरं सांगायचं तर.

रात्रपाळी

धोंड्याने व्हिटनीला, गोल्डनरॉड शहरातल्या जिमच्या प्रमुखाला, हरवलं का? ते आधी सांगा. तिच्या त्या मिल्टँक नावाच्या गायीने माझ्या अख्ख्या सहावीचं वाटोळं केलं होतं.

पाणवठा

@रात्रपाळी, त्यासाठीच तर दादाने पहिल्यांदा माझा धोंड्या मागितला! तो तीन दिवस हरत होता. धोंड्याने पहिल्याच खेपेला हरवलं. दादा माझ्या खांद्यावरून बघत होता, आणि त्याने मेणबत्ती हातात धरली होती.

बेडूकराव

याचं कारण लिहितो, नवीन वाचणाऱ्यांसाठी. मिल्टँकचा खरा मार म्हणजे रोलआउट. तो पाच पाळ्या चालतो आणि लागत गेला तर दर पाळीला त्याचा जोर दुप्पट होतो. ३० पासून सुरू होऊन शेवटी ४८०. वर तिच्याकडे मिल्क ड्रिंक, म्हणजे अर्धा जीव परत. पण रोलआउट दगड प्रकारातला, आणि जमीन प्रकारावर दगडाचा मार निम्माच लागतो. पाण्याचा त्यात अडथळा नाही. म्हणून क्वॅगसायर तिथे उभा राहतो. मिल्टँक विसाव्या लेव्हलची, वूपर मोठा होतो विसाव्या लेव्हलला. मला तर कायम वाटत आलंय की बनवणाऱ्यांनी रूट ३२ वर तो मुद्दाम ठेवला होता, जो रात्री बाहेर पडेल त्याच्यासाठी.

चकलीवाली

पण थांबा. मिल्टँककडे अ‍ॅट्रॅक्ट पण असतं ना? ती मादीच असते, त्यामुळे आपला नर असेल तर तो बघतच बसतो. मग धोंड्या कसा काय लढला?

पाणवठा

@चकलीवाली 😄 धोंड्या मादी होता. होती. नाव ठेवून झाल्यावर ते चिन्ह दिसलं, तोवर उशीर झाला होता.

चकलीवाली

धोंडूबाई की जय!

सह्यवासी

धागा छान आहे. मी गेम फारसा खेळलेलो नाही, पण प्राण्यांबद्दल सांगू शकतो.

वूपर म्हणजे सरळसरळ अ‍ॅक्सोलोटल. मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला उभयचर, निसर्गात आता अगदी थोडे उरलेले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना जी जांभळी फांद्यांसारखी शिंगं दिसतात ती शिंगं नाहीत, बाहेरचे कल्ले आहेत. जपानमध्ये अ‍ॅक्सोलोटलला 'वूपर लूपर' म्हणतात, त्यावरूनच नाव. त्याची खासियत अशी की तो आयुष्यभर पिल्लाच्याच रूपात राहतो. कल्ले गळत नाहीत, पाण्याबाहेर येत नाही, तसाच प्रौढ होतो, पिल्लंही होतात.

म्हणजे पाणवठाताई, तुमची लेक बी दाबते ते निसर्गाला धरूनच आहे.

आणि क्वॅगसायरचे कल्ले गेलेले, अंग मोठं, तोंड रुंद. मला तो जपानी महाकाय सॅलमँडरसारखा वाटतो. तो दीड मीटरपर्यंत वाढतो, रात्री हिंडतो, ओढ्याच्या तळाशी पडून राहतो आणि भक्ष्य जवळ आलं की एकदम तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो.

बेडूकराव

@सह्यवासी, क्वॅगसायरची उंची १.४ मीटर! आणि पोकेडेक्समध्ये हेच आहे की तो पाण्यात तोंड उघडं ठेवून वाट बघतो. अंगावर काटा आला.

निवटी

आमच्या अलिबागच्या खाडीत असे कुठले सॅलमँडर नाहीत, पण ओहोटीला चिखलात निवट्या बघा. डोळे वर आलेले, पंखांवर रेटत रेटत चालतात, तोंड असंच रुंद. लहानपणी मी पोकेमॉनच्या पत्त्यांत वूपर पाहिला तेव्हा आजीला दाखवला होता. ती म्हणाली, "ही तर निवटी. कालवण चांगलं होतं."

चकलीवाली

आजी!!!

सह्यवासी

@निवटी, निवट्या मासे आहेत, हे उभयचर, पण चिखलात राहण्याची युक्ती दोघांचीही वाखाणण्यासारखी. महाराष्ट्रात सॅलमँडर नाहीतच. भारतात ते बघायला दार्जिलिंगकडे जावं लागतं. आपल्याकडे सह्याद्रीत पाय नसलेले उभयचर आहेत, देवगांडूळ. पावसाळ्यात दगड उलटला की सापडतात, लोक साप किंवा गांडूळ समजून मारतात. कृपया मारू नका. निरुपद्रवी आहेत बिचारे.

स्पर्धक_क्र_७

सगळं गोड आहे, पण एक उलटं बोलतो. क्वॅगसायर म्हणजे गरिबाचा स्वॅम्पर्ट, तो दुसरा पोकेमॉन. प्रकार तेच, पाणी आणि जमीन. स्वॅम्पर्टच्या ताकदीची बेरीज ५३५, क्वॅगसायरची ४३०. वेग ३५. दोघांनाही एकच कमजोरी, गवत, आणि ती चौपट. मग कमी ताकदीचा का घ्यायचा? आठवणींपलीकडे काही कारण आहे का?

पाणवठा

@स्पर्धक_क्र_७, आठवण हे कारण कमी पडतं असं मला वाटत नाही. पण लढाईचं उत्तर बेडूकराव देतील, मला तेवढं कळत नाही.

बेडूकराव

देतो. मनापासून देतो.

क्वॅगसायरची लपलेली क्षमता 'अनअवेअर'. मराठीत मी तिला बेखबर म्हणतो. समोरचा 'सोर्ड्स डान्स' ही चाल करून आपली ताकद दुप्पट करतो, ड्रॅगन डान्स करून वेग आणि मार दोन्ही वाढवतो, 'काम माइंड' (Calm Mind) ही चाल करत करत डोंगर होतो. बेखबर क्वॅगसायरच्या लेखी त्याने काहीच केलेलं नसतं. मार बसतो तो मूळ ताकदीचाच.

पोकेमॉन एक्स आणि वाय हे गेम आले त्या काळात, २०१३-१४ मध्ये, मी रात्र रात्र ऑनलाइन लढायचो. माझ्या चमूत पाच देखणे, वेगवान, आणि सहावा हा. समोरचे लोक तीन-तीन पाळ्या तयारी करायचे. माझे पाचही एका फटक्यात जातील अशी वेळ यायची. मग मी क्वॅगसायर पाठवायचो. स्कॉल्डचं उकळतं पाणी, त्याने भाजलं तर समोरच्याचा मार निम्मा. नाही भाजलं तर टॉक्सिक, म्हणजे विष. मग रिकव्हर, म्हणजे जीव भरून काढणं, रिकव्हर, रिकव्हर. समोरचा विषाने थकत जायचा आणि हा तसाच उभा, तोंड उघडं. स्वॅम्पर्टला हे जमत नाही. त्याला रिकव्हरही नाही आणि बेखबरपणाही नाही.

त्या वर्षी माझी नोकरी गेली होती. घरी सगळे जण काही ना काही सांगायचे, अमक्याचा मुलगा कुठे पोचला, तमक्याने काय घेतलं. रात्री दोन वाजता मी या निळ्या प्राण्याकडे बघत बसायचो. समोर कोण किती फुगलाय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पुढच्या सहा महिन्यांत मला काम मिळालं. ते काही त्याच्यामुळे नाही मिळालं, पण त्या सहा महिन्यांतली रात्रीची सोबत त्याची होती.

स्पर्धक_क्र_७

@बेडूकराव, माघार घेतो. बेखबरची गोष्ट माहीत होती, अशी कुणी सांगितली नव्हती. मोल्ड ब्रेकर (समोरच्याची क्षमता न जुमानणारी क्षमता) असलेला हॅक्सोरस आला तर मात्र हीही ढाल चालत नाही, एवढं म्हणतो आणि गप्प बसतो.

रात्रपाळी

आणि स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये रिकव्हर दहावरून पाच वेळांवर आणलंय. ते मला अजिबात आवडलेलं नाही. संथ खेळणाऱ्यांवर अन्याय आहे.

ओसाकाकर

जपानमधून लिहितोय. इथे क्वॅगसायरचं नाव नुओ. २०२४ मध्ये कोची प्रीफेक्चरने, म्हणजे इथल्या एका प्रांताने, त्याला आपला अधिकृत पाठीराखा पोकेमॉन केलं. मी मागच्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन मुद्दाम गेलो होतो.

निवटी

कोचीला? मग केरळात क्वॅगसायर मस्त शोभेल, बॅकवॉटरमध्ये.

ओसाकाकर

@निवटी, हे कोची शिकोकू बेटावरचं 🙂 पण पाऊस आणि नद्या तिथेही भरपूर. नियोदो नावाची नदी आहे, पाणी इतकं निळं की तळाचे गोटे मोजता येतात. काठावर बसून आम्ही दोघांनी शिदोरी खाल्ली. बायको म्हणाली, इथे नुओ वर आला तर आश्चर्य वाटणार नाही. त्याच बेटावरच्या कागावा प्रीफेक्चरचा पोकेमॉन स्लोपोक आहे, कारण त्याचं जपानी नाव यादोन आणि तिथले उदोन प्रसिद्ध. म्हणजे सगळ्यात निवांत दोन पोकेमॉन एकाच बेटावर.

दर्यावर्दी

हिंदीत कार्टून लागायचं त्यात क्वॅगसायरचा एक भाग होता, आठवतोय का कुणाला? पौर्णिमेच्या वेळी ते गावातल्या सगळ्या गोल वस्तू गोळा करतात. अ‍ॅशकडचा जीएस बॉल नावाचा खास पोकेबॉलपण पळवतात. आणि मग चंद्राकडे तोंड करून त्या वस्तू पाण्याच्या फवाऱ्याने वर उडवतात.

चकलीवाली

आठवतोय! आमच्याकडे तो कोजागरीच्या आसपास लागला होता. गच्चीवर मसाला दूध आटत होतं, आणि भावाने चंद्राकडे बघून तोंडातल्या दुधाची चूळ वर उडवली. फटके खाल्ले. आज तो दोन मुलांचा बाप आहे, हा धागा त्याला पाठवतेय.

पावसाळी

गोवाले कुणी आहेत का? म्हणजे पोकेमॉन गो. मी ठाण्याची. आपल्याकडे तो खेळ अधिकृतपणे डिसेंबर २०१६ ला आला, आणि पुढच्या वर्षअखेरीस त्यात हवामान आलं. बाहेर पाऊस तर खेळातही पाऊस. तेव्हापासून माझ्यासाठी जून ते सप्टेंबर म्हणजे वूपरचा हंगाम. तलावपाळीला छत्री मानेत धरून, फोन ओढणीने पुसत पुसत मी वूपर पकडलेत. पन्नास कँडी झाल्या की क्वॅगसायर.

नोव्हेंबर २०२३ च्या कम्युनिटी डेला, म्हणजे खेळातल्या खास दिवशी, निळे आणि तपकिरी दोन्ही वूपर एकत्र होते. तलावाच्या कट्ट्यावर आम्ही अकरा जण जमलो, त्यातले सात जण मला तोवर अनोळखी. त्यातल्या एक आजी साठीच्या पुढच्या. त्यांना मी विचारलं, कुठला जास्त आवडतो? त्या म्हणाल्या, "निळा. तपकिरी दमलेला वाटतो गं."

खेळगडी

@पावसाळी, तपकिरी दमलेला का वाटतो त्याची गोष्ट पोकेडेक्समध्ये आहे. पाल्डियाचे वूपर पूर्वी पाण्यात राहायचे. जागेवरून भांडणं झाली, ते हरले आणि जमिनीवर आले. अंग कोरडं पडू नये म्हणून त्यांनी विषारी चिखलाचा लेप घ्यायला सुरुवात केली.

पाणवठा

@खेळगडी, हे मला माहीतच नव्हतं. मी त्याला इतके दिवस नुसता 'तो दुसरा' समजत होते. लेकीला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चिखल्याचं घर गेलं?" आणि कन्सोल पोटाशी धरून बसली.

धोंड्याचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण कुणीतरी विचारणारच. कॉलेजनंतर एकदा माळ्यावरून गेम बॉय काढला. नवे दोन सेल घातले. चालू झाला, ते संगीत वाजलं, मी स्टार्ट दाबलं. पहिली ओळ 'कंटिन्यू' असायला हवी होती. ती नव्हती. फक्त 'न्यू गेम' आणि 'ऑप्शन'. त्या कार्ट्रिजमध्ये नाण्याएवढा एक सेल असतो, घड्याळ आणि सेव्ह दोन्ही त्याच्यावर. तो संपला की सगळं जातं. मी दुकानात नेलं, तिथल्या माणसाने नवा सेल झाळून दिला, पण गेलेलं काही येत नाही. धोंड्याचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे.

रात्रपाळी

😢 माझीही सेव्ह अशीच गेली. दोनशे तासांची.

बेडूकराव

ताई, तो सेल आता नवा आहे ना? मग संध्याकाळी सहानंतर रूट ३२ वर जा. वूपर अजून तिथेच आहेत.

व्हायोलेटवाली

उशिरा येतेय धाग्यावर, पण मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलंच नाही! खेळगडी, तुम्ही वूपरचं सांगितलंत, क्लॉडसायरचं राहिलं. माझ्याकडे व्हायोलेट आहे, त्यात त्याच्याबद्दल लिहिलंय की तो तळ्यांच्या आणि दलदलीच्या तळाशी राहतो, आणि वूपरांना पाठीवर बसवून या काठावरून त्या काठावर नेतो.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा खेळ बाजूला ठेवला होता. एकदा पाणी सुटलं, त्यांच्यातलाच एक मोठा होऊन परत पाण्यात उतरतो, आणि लहानांना पलीकडे पोचवतो. दिसायला तो क्वॅगसायरसारखा उभा नाही, चार पायांवर चपटा पसरलेला असतो. पाठ रुंद आणि सपाट. ती कशासाठी ते हे वाचल्यावर कळतं.

ताई, लेकीला समजवू नका. एवढं फक्त वाचून दाखवा.

सह्यवासी

@व्हायोलेटवाली, फारच सुंदर. पिल्लं पाठीवर वाहणारे बेडूक खरोखर असतात.

स्पर्धक_क्र_७

क्लॉडसायरलाही बेखबर क्षमता मिळते, हे इथे नोंदवून ठेवतो. धोंडूबाईचा वारसा चालू आहे.

पाणवठा

काल रात्रीची गोष्ट.

जेवण झाल्यावर वाचून दाखवलं. काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती वूपर बसतात पाठीवर?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. ती खेळायला बसली. चिखल्या पंचविसाव्या लेव्हलला गेला, चमकायला लागला. मी तिच्या अंगठ्यांकडे बघत होते. तिने कन्सोल उशीवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून.

क्लॉडसायर झाला. तोंड तसंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "आई, हसतोय की."

आज सकाळपासून तिचे तीन नवे वूपर पकडून झालेत. चौथ्यासाठी जागा आहे म्हणते.

@बेडूकराव, मी सेल घातलेत. संध्याकाळच्या सहाची वाट बघतेय. या वेळी नाव ठेवायच्या आधी चिन्ह बघणार आहे.